वेबसाइटच्या नावाचं शेपूट : ते कुणाचं, आणि ठरवतं कोण?



दहावीचा निकाल लागला त्या दुपारची गोष्ट. निकाल एक वाजता, आणि साडेबारापासूनच आमच्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंका यायला लागल्या. बोर्डाची साइट नेहमीप्रमाणे गर्दीने मंदावलेली. तेवढ्यात कुणीतरी एक लिंक टाकली, "ही लगेच उघडते." एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी ती उघडली. बैठक क्रमांक विचारला, आईचं नाव विचारलं. इथपर्यंत सगळं ओळखीचं. मग मोबाइल नंबर, आणि मग 'गुणपत्रिका डाउनलोड शुल्क १० रुपये'. त्यांनी कार्डाची माहिती भरली, आलेला ओटीपीही टाकला. खात्यातून गेले चार हजार आठशे. निकाल काही दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, मी नाव नीट वाचलं होतं हो. महारिझल्ट होतं, एनआयसी होतं, इन पण होतं. मग चुकलं कुठे?"

त्यांनी नाव खरंच वाचलं होतं. फक्त आपण पुस्तक वाचतो तसं, डावीकडून. वेबसाइटचं नाव उजवीकडून वाचायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हीही वर्गात कधी शिकवलं नव्हतं. म्हणून हा लेख. सुरुवात नाव वाचण्यापासून करू, पण थांबायचं तिथे नाही. कारण त्या नावाच्या शेवटच्या शब्दामागे गेल्या पंधरा वर्षांत जगभर मोठे वाद झाले आहेत, आणि त्यांचे परिणाम असे आपल्या ग्रुपवर येऊन पोचतात.

आधी नाव वाचायला शिकू

पाकिटावर आपण पत्ता वरून खाली लिहितो : नाव, घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड. टपाल खात्यात मात्र तो खालून वर वाचला जातो. आधी पिन कोड, मग गाव, सगळ्यात शेवटी तुमचं नाव. इंटरनेटवरही तसंच चालतं. 'महारिझल्ट डॉट एनआयसी डॉट इन' हे बोर्डाच्या निकालाचं खरं ठिकाण. संगणक आधी विचारतो, 'इन' कुणाकडे आहे? तिथून उत्तर मिळालं की विचारतो, 'इन'मधलं 'एनआयसी' कुठे? एनआयसी म्हणजे केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. मग त्याच्या आतलं 'महारिझल्ट'. प्रत्येक डॉट म्हणजे एक उंबरठा. उजवीकडचा मालक परवानगी देतो, तेव्हाच डावीकडचं नाव तयार होतं.

त्या वडिलांकडे आलेल्या पत्त्यात डॉटच्या जागी डॅश होते. 'महारिझल्ट-एनआयसी-इन' हा सगळा मिळून एकच शब्द, आणि त्यापुढे डॉट देऊन भलतंच, कधी न ऐकलेलं तीन अक्षरी शेपूट. एखाद्याने आपल्या घराला 'पुणे-मुंबई-दिल्ली' नाव दिलं म्हणून ते घर काही तीन शहरांत उभं राहत नाही. घर कुठे आहे ते पिन कोडवरून कळतं.

या शेवटच्या शब्दाला तांत्रिक भाषेत टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. मुलांना मी सरळ 'शेपूट' म्हणून सांगते, लक्षात राहतं. वेबसाइटच्या पत्त्यात, सुरुवातीचं https:// सोडून, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे असतं, त्यातला शेवटचा डॉट शोधायचा. त्याच्या उजवीकडचं ते शेपूट. तिरप्या रेघेनंतर कुणी काहीही लिहू शकतं, त्याला किंमत द्यायची नाही.

शेपटाला पूर्वी अर्थ होता

१९८३ पर्यंत इंटरनेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं एका फाइलमध्ये, अमेरिकेत एका ठिकाणी ठेवलेली असत. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. पॉल मोकापेट्रिस यांनी त्या वर्षी नावांची आजची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत मांडली. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, जॉन पोस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने शेपटांची पहिली यादी जाहीर केली : व्यापारासाठी कॉम, शिक्षणासाठी एड्यू, सरकारसाठी गव्ह, लष्करासाठी मिल, बाकी संस्थांसाठी ऑर्ग. नेट थोडं नंतर आलं. शिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरं. आपलं 'इन' १९८९ चं.

या यादीत एक गंमत दडलेली आहे. गव्ह, मिल आणि एड्यू ही मुळात अमेरिकी दारं. डॉट गव्ह अमेरिकेतल्या सरकारी संस्थांचं, डॉट एड्यू तिथल्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांचं. म्हणून आपल्याकडे सरकारी साइट 'गव्ह डॉट इन' असते आणि विद्यापीठं 'एसी डॉट इन' किंवा 'एड्यू डॉट इन' वापरतात. 'गव्ह डॉट इन' हे नाव एनआयसीमार्फतच मिळतं, 'एड्यू डॉट इन' आणि 'एसी डॉट इन' अर्नेट या सरकारी संस्थेमार्फत, कागदपत्रं तपासून. कॉम आणि ऑर्गला मात्र असा पहारेकरी पहिल्यापासून नाही. ऑर्ग म्हणजे सेवाभावी संस्थाच असेल, असं आपल्याला वाटतं. पैसे भरून ते नाव कुणीही घेऊ शकतं.

तेव्हा शेपटाकडे बघून एकच प्रश्न विचारायचा : या दारात कुणी अडवतं का? अडवत असेल तर शेपटावरून काहीतरी कळतं. अडवत नसेल तर ते नुसतं शेपूट. पुढचे सगळे वाद या प्रश्नाभोवती फिरतात.

दार उघडलं तेव्हा

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. नावांची सर्वात वरची यादी, म्हणजे रूट झोन, सांभाळण्याचं काम तिच्याकडे आलं. अमेरिकी सरकारची तिच्यावरची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ ला संपली. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, स्वयंसेवी संस्था असे सगळे तिच्या बैठकांना बसतात, पण सरकारांचा शब्द तिथे सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो, हुकमाच्या नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२००० नंतर आयकॅनने डॉट इन्फो, डॉट बिझ, डॉट म्युझियम अशी मोजकी शेपटं वाढवली. मग जून २०११ मध्ये सिंगापूरच्या बैठकीत मोठा निर्णय झाला : कुठल्याही शब्दासाठी अर्ज करा. फी १,८५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण एक कोटी रुपये, आणि तीही नुसती अर्जाची. जानेवारी २०१२ मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली आणि १,९३० अर्ज आले. तोवर देशांची सोडून २२ शेपटं होती. आज देशांची धरून १,४०० हून जास्त आहेत. डॉट शॉप, डॉट गुरू, डॉट योगा, डॉट लंडन, डॉट टोकियो.

आयकॅनची बाजू अगदीच चुकीची नव्हती. कॉममध्ये चांगली नावं उरली नव्हती, एकाच कंपनीच्या हाती ते शेपूट होतं, आणि जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या लिप्यांना वरच्या यादीत जागा नव्हती किंवा नुकतीच मिळत होती. स्पर्धा वाढेल, पर्याय वाढतील, इतर भाषा येतील, असा युक्तिवाद होता. यातलं काही खरं ठरलं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये या फेरीतली पहिली चार शेपटं सुरू झाली, ती चारही अरबी, चिनी आणि रशियन लिपीतली होती.

पण शब्द ही जमिनीसारखी वस्तू निघाली. एक शब्द एकालाच मिळणार. एकाच शब्दावर दोघा-तिघांनी हक्क सांगितला आणि तडजोड झाली नाही, तर लिलाव. २०१६ मध्ये डॉट वेब या शेपटाची बोली १३ कोटी ५० लाख डॉलरवर गेली, आणि त्यावरचं भांडण पुढे अनेक वर्षं चाललं.

नदीचं नाव कुणाचं?

सगळ्यात गाजलेला वाद डॉट ॲमेझॉनचा. हा वर्गात भूगोलाच्या तासालाही सांगण्यासारखा आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१२ मध्ये आपल्या नावाच्या शेपटासाठी अर्ज केला. ब्राझील आणि पेरूने हरकत घेतली : ही आमच्या नदीची, जंगलाची, तिथे राहणाऱ्या लोकांची ओळख आहे, एका दुकानाला ती कायमची कशी द्यायची? २०१३ मध्ये आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीने अर्ज पुढे नेऊ नका असं सांगितलं आणि २०१४ मध्ये आयकॅनने तो थांबवला. कंपनी लवादाकडे गेली. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने कौल दिला : नाकारायला पुरेसं सार्वजनिक हिताचं कारण दिलेलं नाही, पुन्हा विचार करा. मग ॲमेझॉन खोऱ्यातल्या आठ देशांशी वाटाघाटी झाल्या, त्या जमल्या नाहीत. २०१९ मध्ये आयकॅनने कंपनीला हिरवा कंदील दिला आणि २०२० मध्ये डॉट ॲमेझॉन यादीत दाखल झालं.

देश हरले कसे? नियमांत देशांची नावं, राजधान्या आणि देशांचे अधिकृत प्रांत-विभाग यांना संरक्षण होतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाची एक ठरलेली यादी वापरली गेली. नदी त्या यादीत नव्हती. आता उलटं उदाहरण बघा, आपल्या ओळखीचं. टाटा समूहाने डॉट टाटासाठी अर्ज केला आणि अडला, कारण मोरोक्को देशात टाटा नावाचा एक प्रांत आहे आणि तो त्या यादीत आहे! मोरोक्को सरकारची हरकत नाही हे ठरेपर्यंत जमशेटजींच्या वारसांना थांबावं लागलं. म्हणजे आपण कधी न ऐकलेल्या प्रांताला यादीने वाचवलं, आणि जगातल्या सर्वात मोठ्या नदीला नाही. मला यात दुष्टपणा दिसत नाही, पण यादी कोण करतं याला किती महत्त्व असतं, ते दिसतं. नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा हे उदाहरण मुलांना लवकर कळतं, हा माझा अनुभव आहे.

भारताने स्वतःही हरकत घेतली होती. क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचा 'रॅम' नावाचा ट्रक आहे, म्हणून तिने डॉट रॅमसाठी अर्ज केला. इंग्रजी अक्षरांत तेच शेपूट 'राम' असं वाचलं जातं. भारत सरकारने हा अर्ज आणि 'इंडियन्स' या शेपटाचा अर्ज पुढे नेऊ नये असं म्हटलं, आणि २०१३ मध्ये समितीने त्याची नोंद घेतली. ही दोन्ही शेपटं आज यादीत नाहीत. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने अर्जेंटिना आणि चिलीच्या विरोधानंतर स्वतःच अर्ज मागे घेतला.

याच्याही पुढचा प्रश्न साध्या शब्दांचा होता. बुक, सर्च, ब्यूटी हे शब्द कुणाचेच नाहीत, म्हणजेच सगळ्यांचे आहेत. काही कंपन्यांना ते विकत घेऊन त्यात दुसऱ्या कुणालाही नाव द्यायचं नव्हतं. सगळं दार फक्त स्वतःसाठी. प्रकाशकांनी आणि पुस्तकविक्रेत्यांनी डॉट बुकवरून आरडाओरडा केला, आणि तो योग्यच होता. गावातल्या सार्वजनिक विहिरीला एकाने कुलूप लावल्यासारखं झालं असतं ते. अशा बंद शेपटांना आयकॅनने नव्या फेरीत परवानगी दिलेली नाही.

आमच्या ग्रुपवरची लिंक कुठून आली?

आता त्या चार हजार आठशे रुपयांकडे परत येऊ. शेपटं वाढली तशी नवी नावं स्वस्त झाली. काही विक्रेते पहिल्या वर्षासाठी अगदी किरकोळ किमतीत नाव देतात, कारण त्यांना आकडा वाढवायचा असतो. फसवणूक करणाऱ्याला नाव दोन-चार दिवसच लागतं. निकालाच्या दिवसापुरतं घ्यायचं, संध्याकाळी सोडून द्यायचं. चांगला दुकानदार असं नाव घेत नाही, कारण ते त्याला वर्षानुवर्षं टिकवायचं असतं.

याचं टोकाचं उदाहरण नव्या शेपटांचं नाही, एका चिमुकल्या बेटसमूहाचं आहे. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊचं शेपूट डॉट टीके. फ्रीनॉम नावाच्या कंपनीने ते चालवायला घेतलं आणि नावं फुकट वाटली. फसवणाऱ्यांची जत्रा भरली. अखेर मेटा कंपनीने तिच्यावर दावा लावला, नवी नोंदणी बंद झाली, आणि २०२४ मध्ये कंपनीने हा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. फुकटच्या मांडवात कोण कोण जेवून गेलं ते बिलावरूनच कळतं.

२०२३ च्या मे महिन्यात गूगलने डॉट झिप हे शेपूट लोकांसाठी खुलं केलं. आपण शिक्षक एकमेकांना प्रश्नपत्रिकांच्या झिप फाइली पाठवतो. फाइलचं नाव आणि वेबसाइटचं नाव एकसारखं दिसायला लागलं तर काय होईल? काही ॲप्स डॉट असलेल्या मजकुराची आपोआप लिंक करतात. मी लिहिलं 'सराव डॉट झिप' आणि त्या नावाची साइट भलत्याच कुणी घेतलेली असेल, तर समोरचा माझ्या भरवशावर तिथे जाईल. सुरक्षेवर काम करणाऱ्या अनेकांनी तेव्हा हेच सांगितलं.

एप्रिल २०२४ पासून आयकॅनने विक्रेत्यांच्या करारात बदल केला आहे. फसवणुकीचा ठोस पुरावा मिळाल्यावर त्यांनी कारवाई करणं आता बंधनकारक आहे. चांगलं आहे. पण ही कारवाई तक्रार आल्यानंतरची. दारात विचारपूस अजूनही नाही.

ऑर्ग विकायला काढलं होतं

आपल्यापैकी अनेकांच्या संस्था, वाचनालयं, माजी विद्यार्थी संघ यांचे पत्ते डॉट ऑर्गचे आहेत. त्यांच्यासाठी ही गोष्ट. ऑर्गमध्ये एक कोटीच्या आसपास नावं आहेत आणि २००३ पासून ते पीआयआर नावाची ना-नफा संस्था चालवते. जून २०१९ मध्ये आयकॅनने ऑर्गच्या किमतीवरची कमाल मर्यादा काढून टाकली. मत मागवलं तेव्हा हजारो लोकांनी विरोध नोंदवला होता, तरीही. आणि पाचच महिन्यांत बातमी आली की ही पीआयआर संस्था एथॉस कॅपिटल या खाजगी गुंतवणूक कंपनीला ११३ कोटी ५० लाख डॉलरला विकली जाणार!

जगभरच्या सेवाभावी संस्था खवळल्या. पत्ता बदलणं म्हणजे शाळेची पाटी बदलणं नाही. पावती पुस्तकं, पुस्तकांवरचे पत्ते, वीस वर्षांची ई-मेल, दुसऱ्यांनी दिलेल्या लिंका, सगळं त्या एका नावाला बांधलेलं असतं. म्हणून भाडं वाढलं तरी भाडेकरू घर सोडू शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनेही पत्र लिहून हरकत घेतली. ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने व्यवहाराला संमती नाकारली. किमतीवरची मर्यादा मात्र परत आली नाही.

आपण डोमेन 'विकत घेतलं' म्हणतो, ते बरोबर नाही. ते भाड्याने असतं. मुदत संपली, कुणी नूतनीकरण विसरलं, की नाव दुसऱ्याचं. एखाद्या जुन्या शैक्षणिक साइटवर अचानक जुगाराच्या जाहिराती दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. पाठ्यपुस्तकाच्या टिपणात लिंक देताना मी म्हणून अधूनमधून तपासत असते.

आणि आपली मराठी?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतलं 'डॉट भारत' सुरू झालं. हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली, सिंधी या देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी. पुढे इतर लिप्यांचीही सोय झाली. म्हणजे शाळेचं नाव शेपटासकट मराठीत लिहिता येतं. मला याचा फार आनंद झाला होता. मग अडचणी दिसायला लागल्या.

संगणकाच्या पोटात हे नाव रोमन अक्षरांत बदललं जातं. एक्स, एन, दोन डॅश आणि पुढे अगम्य अक्षरं. काही ठिकाणी ते तसंच दिसतं आणि पालक म्हणतात, व्हायरस आलाय. अनेक फॉर्म देवनागरी पत्ता लिहिला की 'चुकीचा पत्ता' म्हणतात. यावर जगभर काम चालू आहे, पण वेग बेताचा.

दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून हुबेहूब 'ॲपल डॉट कॉम' दिसणारं नाव घेऊन दाखवलं होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांना धावपळ करावी लागली. आपल्याकडे मोबाइलच्या छोट्या पडद्यावर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' पटकन वेगळे कळतात का? आणि पाट्यांवर सर्रास दिसणारं 'प्रसिध्द'? माझ्या डोळ्यांना ती शुद्धलेखनाची चूक आहे. संगणकाला मात्र 'प्रसिद्ध' आणि 'प्रसिध्द' ही दोन स्वतंत्र नावं आहेत, दोन वेगळ्या माणसांना विकता येणारी. 'दर्‍या'तला आडवा रफार तर काही कीबोर्डांवर एक अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटतो. न दिसणारी गोष्ट नावात असणं धोक्याचं, म्हणून वरच्या पातळीच्या शेपटांत या अदृश्य चिन्हाला परवानगीच नाही. कोणत्या लिपीत कोणती अक्षरं चालतील याचे नियम करायला ब्राह्मीपासून आलेल्या आपल्या लिप्यांसाठी तज्ज्ञांचा एक गट बसवला गेला होता. मराठी शुद्धलेखनाचा वाद कॅलिफोर्नियाच्या टेबलापर्यंत जाईल असं कुणाला वाटलं असतं?

पहारेकरी बसवणं

मला सगळ्यात पटलेला मार्ग आपल्या रिझर्व्ह बँकेने काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने जाहीर केलं की भारतातल्या बँकांची संकेतस्थळं 'बँक डॉट इन' या शेवटाची असतील. ही नावं फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि फक्त बँकांना. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिथे जायचं होतं. तुमच्या बँकेचा पत्ता आता बघा, बदललेला दिसेल. नवीन शेपूट घ्यायला न जाता 'इन'च्या आतच एक राखीव खोली केली आणि दाराशी माणूस बसवला.

अर्थात दार कितीही भक्कम असलं तरी बघणाऱ्याने योग्य बाजूने बघायला हवं. 'बँक-इन' असा डॅश टाकून भलतं शेपूट लावलेली नावं निघू शकतात. किंवा 'बँक डॉट इन डॉट' आणि पुढे आणखी काहीतरी. निकालाच्या दिवशी जे झालं तेच.

आणि शेपटं अजून वाढणार आहेत. आयकॅनने अर्जांच्या पुढच्या फेरीसाठी एप्रिल ते ऑगस्ट २०२६ हा काळ ठरवला आहे. फी २,२७,००० डॉलर, म्हणजे जवळपास दोन कोटी रुपये. गरजू अर्जदारांना सवलत आहे. शहराचं नाव शहराचं शेपूट म्हणून हवं असेल तर तिथल्या प्रशासनाची संमती लागते. डॉट मुंबई अजून नाही. ते कधी आलं तर कुणाच्या हाती असावं, आणि त्यात नाव घेणाऱ्याला काय विचारावं, हा प्रश्न मी यंदा नववीला गटचर्चेसाठी दिला होता. एका गटाने महापालिका म्हटलं. दुसऱ्या गटातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आधी आपल्या शाळेचं बघा ना."

बघितलं. शाळेच्या साइटला डॉट कॉमचं शेपूट. ते नाव आठ वर्षांपूर्वी साइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर नोंदवलेलं, आणि त्याचा फोन आता लागत नाही. मुदत संपायला चार महिने आहेत. 'एड्यू डॉट इन'साठी शाळेच्या मान्यतेचे कागद जमवून अर्ज तयार केला आहे. सहीसाठी फाइल मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.